मल्लखांब : तळहात आणि मन

व्यायामशाळेंत नव्यानें नांव घातलेल्या मुलाची किंवा मुलीची खरी परीक्षा पुष्कळदां मल्लखांबावर होत नाहीं. ती पहिल्या आठवड्याच्या अखेरीस घरीं, जेवणाच्या पानावर होते. मीठ-लिंबाचा स्पर्श होतांच तळहातावरची सोललेली जागा झोंबते आणि मग हात उघडून दाखवावा लागतो. बोटांच्या मुळाशीं दोन फोड, त्यांपैकीं एक फुटलेला. बगलेंत लाल चट्टा. मांडीच्या आंतल्या बाजूस निळसर डाग. घरांतील एखादें वडील माणूस म्हणतें, "एवढ्यानें कांहीं होत नाहीं, अंग कमावायचें तर हें चालायचेंच." दुसरें म्हणतें, "उद्यांपासून जाणें बंद." दोन्हीं मतें मायेपोटींच निघतात; परंतु दोहोंतहि त्या हाताकडे नीट निरखून पाहिलेलें नसतें.

मल्लखांब मध्येंच सोडून जाणाऱ्या पुष्कळ मुलांच्या अंगीं बळ कमी नसतें. त्यांची कातडी सोलली जाते, मन धास्तावतें, आणि या दोहोंवर वेळींच योग्य उपाय होत नाहीं, इतकेंच. कातडी व मन या गोष्टी वरकरणी निराळ्या दिसल्या, तरी मल्लखांबावर त्यांचें नातें फार जवळचें असतें. म्हणून हातांची निगा आणि मनाची घडण यांचा विचार एकत्र करणेंच युक्त होय.

मल्लखांब हा मुळांत मल्लाच्या मेहनतीचा खांब. बाराव्या शतकांतील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथांत मल्लांच्या या स्तंभश्रमाचा उल्लेख येतो. पुढें दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळांत बाळंभट्टदादा देवधर यांनीं या विद्येला नवें रूप दिलें. झाडावरून लीलेनें उतरणाऱ्या वानरांकडे पाहून त्यांना ती सुचली, अशी आख्यायिका आहे. १९३६ सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें बर्लिन येथें ऑलिंपिक सामन्यांच्या वेळीं भारतीय व्यायामप्रकारांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. २०१९ च्या फेब्रुवारींत मुंबईंत शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा भरली, आणि ज्यांच्या खटपटीनें ही विद्या परदेशीं पोंचली त्या दादरच्या उदय देशपांडे यांना २०२४ सालीं पद्मश्री मिळाली. एवढा मोठा इतिहास असला, तरी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला आरंभ करावा लागतो तो आपल्या कोंवळ्या कातडीनिशींच. पूर्वजांचे घट्टे वारसाहक्कानें मिळत नाहींत.

कातडीला कोठें व कसा त्रास होतो, हें मल्लखांबाच्या प्रकारावर अवलंबून असतें. पुरलेला मल्लखांब सागवानी किंवा शिसवी लांकडाचा, खालीं जाड व वर निमुळता होत गेलेला असतो. त्याचे अंग, मान व बोंड असे भाग करतात. त्याला एरंडेल तेल चोळण्याची वहिवाट आहे. ज्या खांबाला घट्ट धरावयाचें त्यालाच तेल लावावें, हें ऐकणाऱ्याला विपरीत वाटेल. परंतु येथें पकड मुख्यतः बळानें दाबून घेतलेली असते. मांड्यांची अढी, बगल, कोपराचा आंतला भाग आणि पावलें खांबाला आवळतात, आणि तेलामुळें घसरतांना कातडी जळत नाहीं. पकड पक्की राहावी म्हणून राळेची पूडहि वापरतात. दोरीच्या मल्लखांबाची गोष्ट निराळी. सुती दोरी हातांच्या मुठींत आणि पायाचा अंगठा व शेजारचें बोट यांच्या चिमट्यांत धरावी लागते. तेथें तळहात व ती बेचकीच प्रथम सोलून निघतात. परदेशांत गेल्या कांहीं दशकांत वाढलेला, आणि आतां मुंबईंतहि शिकविला जाणारा पोल डान्स हा प्रकार गुळगुळीत धातूच्या खांबावर चालतो. त्याच्या आंतरराष्ट्रीय क्रीडासंघाची स्थापना २००९ सालीं झाली. तेथें उघड्या कातडीनेंच धातूला धरावें लागतें. म्हणून सरावाच्या दिवशीं अंगाला तेल किंवा मलम लावणें त्या विद्यार्थ्यांना सक्त वर्ज्य असतें. उलट चिनी सर्कशींतील कसरतपटू आपल्या खांबाला रबराचें वेष्टण घालतात आणि स्वतः अंगभर कपडे घालून चढतात. साधनें निराळीं, उपायहि निराळे. परंतु सर्वांचा प्रश्न एकच, कीं शरीराचा सारा भार कांहीं बोटें रुंदीच्या कातडीवर तोलावयाचा कसा.

या कातडीची रचना थोडी समजून घेतली, तर पुष्कळ चुका टळतील. तळहाताची व तळपायाची कातडी शरीरांत सर्वांत जाड असते. तिच्यावर घर्षण होतें तेव्हां वरचा थर खांबाबरोबर ओढला जातो, आणि आंतील हाड व मांस मात्र आपल्या मार्गानें सरकत असतात. या ओढाताणींत मधले थर एकमेकांपासून सुटतात, त्या पोकळींत पाण्यासारखा द्रव सांचतो, आणि फोड येतो. म्हणजे फोड हा थोड्या वेळांत फार घर्षण झाल्याचा परिणाम होय. तेंच घर्षण थोडें थोडें व पुष्कळ दिवस झालें, तर कातडी स्वतःच वरचा थर वाढविते, आणि घट्टा तयार होतो. फोड आणि घट्टा यांचें कारण एकच. फरक आहे तो केवळ घाईचा. वरचा थर बदलून नवा येण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या चार दिवसांत दोन महिन्यांचें काम उरकूं पाहणाऱ्याला कातडी जो जबाब देते, तोच तळहातावर फोडाच्या रूपानें दिसतो.

यावरून रोजच्या निगेचे नियम सहज निघतात. नखें आंखूड कापलेलीं असावींत. अंगठी, बांगडी, गंडा, घड्याळ हीं सरावापूर्वीं काढून ठेवावींत. हात साबणानें धुऊन कोरडे करावेत, कारण दिवसभराची धूळ व चिकटपणा पकडींत आला म्हणजे कातडी एका जागीं ओढली जाते. सराव आटोपल्यावर पुन्हां कोमट पाण्यानें व साबणानें तेल, राळ व घाम धुऊन टाकावा. रात्रीं निजण्यापूर्वीं तळहातांना व बोटांच्या बेचक्यांना थोडें खोबरेल किंवा व्हॅसलीन चोळावें. कोरडी पडलेली कातडी ताणली जात नाहीं, ती चिरते. मल्लखांबावर तेल असतेंच, मग हाताला आणखी कशाला, असें पुष्कळांना वाटतें. परंतु सरावानंतर साबणानें तें सारें निघून गेलेलें असतें, आणि झीज भरून येण्याचें काम रात्रींच व्हावयाचें असतें.

घट्ट्यांचा अभिमान बाळगण्याची एक जुनी रीत आहे. घट्टा हें मेहनतीचें चिन्ह खरें. पण उंच वाढलेला घट्टा हा उपयोगाचा नव्हे. त्याची कडा दोरींत किंवा लांकडावर अडकते, आणि मग घट्टा एकटा निघत नाहीं, खालची जिवंत कातडीहि घेऊन निघतो. ती जखम फोडापेक्षां पुष्कळ अधिक दिवस खाते. म्हणून आठवड्यांतून एक-दोन वेळां स्नानानंतर, कातडी मऊ असतां, वज्रीनें किंवा खरबरीत दगडानें घट्टा हलकेच घासून आसपासच्या कातडीच्या पातळीला आणावा. पात्यानें तो कापूं नये, दातांनीं तर मुळींच कुरतडूं नये. घट्टा ठेवावयाचा, पण त्याची टेकडी होऊं द्यावयाची नाहीं, एवढें ध्यानांत धरलें म्हणजे झालें.

इतकी काळजी घेऊनहि फोड आला, तर तो न फुटला असतां तसाच झांकून ठेवावा. त्याच्यावरील पातळ साल हीच निसर्गानें बांधलेली सर्वांत स्वच्छ पट्टी होय. चार-पांच दिवसांत आंतील पाणी जिरतें व खालीं नवी कातडी धरते. फोड फार मोठा व ठणकणारा असेल, तर तो डॉक्टरांकडून मोकळा करून घ्यावा. घरांतील शिवणाची सुई त्यासाठीं उचलूं नये. फोड आपोआप फुटला, तर साल ओढून काढूं नये. स्वच्छ वाहत्या पाण्यानें व साबणानें जागा धुवावी, टिपून कोरडी करावी, व्हॅसलीनचा पातळ हात देऊन स्वच्छ पट्टी बांधावी आणि ती रोज बदलावी. स्वयंपाकघरांतील हळद, चुना, राख अशा वस्तु उघड्या जखमेंत भरण्याची कांहीं घरांतून संवय असते. त्या वस्तु निर्जंतुक नसतात, म्हणून तो मोह आवरावा. जखमेभोंवती लाली पसरूं लागली, जागा गरम लागली, पू दिसला, लाल रेघ मनगटाकडे चढूं लागली किंवा ताप आला, तर घरगुती उपायांत एक दिवसहि दवडूं नये. धनुर्वाताची लस वेळेवर टोंचलेली आहे कीं नाहीं, हें तर नांव घालण्यापूर्वींच पाहून ठेवावें. मधुमेह असलेल्या प्रौढ विद्यार्थ्यानें हातापायांची बारीकशी जखमहि लहान मानूं नये.

कातडीखालीं आणखी एक गोष्ट असते, ती दिसत नाहीं म्हणून विसरली जाते. बोटें मिटविणारे स्नायु कोपरापासून मनगटापर्यंत पसरलेले असतात, आणि त्यांचे दोर, ज्यांना वैद्यकांत कंडरा म्हणतात, ते बोटांच्या टोंकांपर्यंत जातात. सरावानें स्नायु कांहीं आठवड्यांत बळावतात. कंडरांना मात्र महिने लागतात. यामुळें तिसऱ्या-चौथ्या महिन्यांत मोठा धोक्याचा काळ येतो. विद्यार्थ्याला आपल्या अंगीं नवें बळ आल्याचें जाणवतें, घट्टेहि बसलेले असतात, आणि नेमक्या त्याच वेळीं कोपराच्या आंतल्या बाजूस किंवा मनगटांत एक बारीक कळ सुरू होते. कातडीची आग व सांध्याची कळ यांत भेद करणें हें मल्लखांबाच्या विद्यार्थ्याचें एक आवश्यक ज्ञान होय. आग वरवरची असते, सराव थांबवितांच ती ओसरते. तिच्याशीं थोडी मैत्री करावी लागते. कळ खोल, टोंचणारी व एकाच जागीं असते, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुन्हां हजर होते. तिच्याशीं हट्ट करूं नये. आठवड्यांतून एक-दोन दिवस पकडीच्या कामाला पूर्ण सुटी द्यावी, आणि मूठ आवळण्याच्या श्रमाबरोबर बोटें ताणून उघडण्याचा हलका व्यायामहि करावा.

आतां मनाकडे वळावयाचें. पण तेथें जाण्याची वाटहि तळहातावरूनच आहे. शरीराच्या इतर भागांवर घाम येतो तो प्रामुख्यानें उष्णतेमुळें. तळहात व तळपाय यांचा घाम मात्र प्रामुख्यानें मनाच्या क्षोभामुळें येतो. परीक्षेच्या दालनांत पंख्याखालीं बसलेल्या मुलाचा हात ओला होतो, तो यामुळेंच. ही व्यवस्था निरर्थक नाहीं. कातडी किंचित् दमट असली म्हणजे ती अगदीं कोरड्या कातडीपेक्षां अधिक चांगली पकड घेते. परंतु भय वाढलें कीं दमटपणाचें पाणी होतें, आणि तीच मूठ निसटूं लागते. हात निसटला म्हणजे भय दुणावतें, आणि दुणावलेलें भय पुन्हां तळहातावर उतरतें. हें चक्र ज्यानें ओळखलें नाहीं, तो हात पुनःपुन्हां पुसतो, राळ अधिक लावतो, मूठ दुपटीनें आवळतो, आणि कातडी तेवढी सोलून घेतो. उपाय हातावर चालतो, पण रोग तेथें नसतो.

हें भय घालविण्याचा धीट उपाय म्हणून पुष्कळदां सांगतात, "डोळे मीट आणि उडी मार." मल्लखांबावर हा उपदेश घातक आहे. येथें डोकें खालीं व पाय वर अशा स्थितींत, पुरुषभर उंचीवर, शरीर तोलावयाचें असतें; तेथें भय वाटणें हें बुद्धि शाबूत असल्याचें लक्षण होय. भयाला हांकलून न लावतां त्याला पुरेसा पुरावा द्यावा लागतो. आधीं खालीं जाड गादी पसरलेली आहे, शिक्षकाचा हात कमरेशीं आहे, आणि खालीं कसें उतरावयाचें तें आधीं शिकविलेलें आहे, एवढें सिद्ध झालें म्हणजे निम्मी भीति आपोआप उतरते. चांगला शिक्षक चढण्यापूर्वीं उतरणें शिकवितो. साधी उडी पुरती बसल्याशिवाय बगल उडी नाहीं. अढी सुटत नाहीं अशी खात्री झाल्याशिवाय हात सोडून दसरंगाकडे जाणें नाहीं. आणि खालच्या उंचीवर दहा वेळां निर्वेध झालेली गोष्टच वरच्या उंचीवर करावयाची. ही पायरीची शिस्त मुलांना कंटाळवाणी वाटते. परंतु मनाचा घट्टाहि कातडीच्या घट्ट्यासारखाच थोड्या थोड्या घर्षणानें बसतो. एकदम फार घर्षण झालें, म्हणजे मोठें पडणें झालें, तर मनालाहि फोड येतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाहीं म्हणून अधिक दिवस टिकतो.

खांबाला हात लावण्यापूर्वीं सलामी देण्याची व्यायामशाळेंतील प्रथा या दृष्टीनें अर्थपूर्ण आहे. त्या दोन-चार क्षणांत विद्यार्थी स्थिर उभा राहतो, श्वास संथ होतो, नजर एका जागीं येते. श्वास सोडण्यास घेण्यापेक्षां थोडा अधिक वेळ दिला, तर हृदयाची धडधड कमी होते, हा अनुभव कोणालाहि घेतां येईल. तोंडानें मोजीत, हळूहळू श्वास सोडून मग खांब धरणारा विद्यार्थी आपल्या तळहाताचा घाम फडक्यापेक्षां अधिक चांगला पुसतो.

मनाला दुसरा त्रास होतो तो तुलनेमुळें. शेजारची मुलगी एका महिन्यांत बोंडावर आसन करते, आणि आपली अढीहि टिकत नाहीं, हें शल्य लहान वयांत फार बोंचतें. अलीकडे त्यांत भर पडली आहे ती मोबाईलवरील चित्रफितींची. तेथें एका मिनिटांत जी कसरत दिसते, तिच्या मागचीं पांच वर्षें व शेंकडों चुका कापून टाकलेल्या असतात. उंची, वजन, बोटांची लांबी, घामाचें प्रमाण, कातडीचा जाडपणा हीं प्रत्येकाचीं निराळीं असतात. म्हणून दोन विद्यार्थ्यांच्या प्रगतीला एकच माप लावणें हें गणितदृष्ट्याहि चुकीचें आहे. यासाठीं एका लहानशा वहीचा फार उपयोग होतो. आज किती वेळ सराव केला, कातडी कोठें लाल झाली, कोणत्या क्षणीं भीति वाटली आणि शिक्षकाचा आधार किती लागला, एवढें चार ओळींत रोज टिपावें. तीन महिन्यांनीं वही चाळली म्हणजे ज्याला आपण जागच्या जागीं आहों असें वाटत होतें, तो किती वाट चालून आला आहे तें त्याला स्वतःच्या अक्षरांत वाचावयास मिळतें.

मन स्थिर असलें म्हणजे स्पर्शाला किती बळ येतें, याचें उत्तम उदाहरण मुंबईंतच आहे. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरांत दृष्टिहीन मुलींनाहि मल्लखांब शिकविला गेला आहे. त्या मुलींना समोरची उंची दिसत नाहीं आणि शेजारणीची कसरतहि दिसत नाहीं. दोरी बोटांत कशी येते, पायाच्या चिमट्यांत किती ताण आहे, अंग कोणत्या बाजूस झुकलें आहे, हें त्यांना कातडीच सांगते. डोळस विद्यार्थ्याला यांतून घेण्यासारखें पुष्कळ आहे. त्याचा हातहि त्याला हेंच सारें सांगत असतो. परंतु त्याचें लक्ष दुसऱ्याच्या खांबाकडे असल्यानें त्याला तें ऐकूं येत नाहीं.

खरा प्रश्न येतो तो थांबण्याचा. स्पर्धा पंधरा दिवसांवर आली आहे, हाताची कातडी निघाली आहे, आणि संघांत आपली जागा जाईल अशी धास्ती आहे. अशा वेळीं मुलें फाटलेला हात लपवितात. पट्टी काढून खिशांत घालतात, शिक्षकासमोर मूठ मिटूनच उभीं राहतात. येथें हट्टाला धैर्य समजण्याची चूक मोठीं माणसेंहि करतात. उघड्या जखमेनें धरलेली दोरी हात नकळत सैल करतो. वेदना टाळण्याची ती शरीराची उपजत प्रवृत्ति आहे, आणि मनाच्या निश्चयावर ती नेहमींच जिंकत नाहीं. उंचीवर असतां ती जिंकली, तर पंधरा दिवसांच्या विश्रांतीऐवजीं पंधरा आठवड्यांची विश्रांति पदरीं पडते. ज्या विद्यार्थ्याला "आज माझा हात चालणार नाहीं" असें शिक्षकाला सांगतां येतें, आणि ज्या शिक्षकाला तें ऐकून त्या दिवशीं त्याच्याकडून पोटाचा, पायांचा किंवा लवचिकपणाचा व्यायाम करून घेतां येतो, त्या दोघांनीं मल्लखांबाची विद्या खऱ्या अर्थानें आत्मसात केली असें म्हणावें. हात सुटीवर गेला तरी विद्यार्थी सुटीवर जात नाहीं.

या सर्वांत घरच्या माणसांकडे एक लहान पण नाजुक काम येतें. मूल व्यायामशाळेंतून परत आलें म्हणजे "आज नवीन काय शिकलास?" हा प्रश्न बहुतेक घरांतून प्रथम विचारला जातो. त्या प्रश्नानें मुलाला रोज कांहीं तरी नवें दाखविण्याचें ओझें वाटतें. त्याऐवजीं "हात दाखव पाहूं" असें म्हणून दिव्याखालीं दोन्हीं तळहात निरखावेत. लाली कोठें आहे, घट्टा कोठें वर आला आहे, कोठें चीर पडूं पाहत आहे, हें आई किंवा आजी एका मिनिटांत ओळखते. मुलींच्या बाबतींत मांडीवरील डाग किंवा रापलेले हात पाहून पुढें लोक काय म्हणतील, अशी चिंता अजूनहि कांहीं घरांतून ऐकूं येते. निळसर डाग सहसा पंधरवड्यांत मावळतात. आपला भार आपल्या हातांनीं तोलतां येतो हा विश्वास मात्र जन्मभर उरतो. त्या मुलीला पुढें ज्या अनेक उंचींवर चढावें लागेल, तेथें तिला हाच विश्वास हात देईल.

कातडीची भाषा साधी आहे. लाली म्हणजे "सावकाश", फोड म्हणजे "आज पुरे", आणि सपाट, लवचिक घट्टा म्हणजे "आतां पुढची पायरी." ही भाषा जो रोज वाचतो त्याला आपल्या मनाचीहि चाल हळूहळू कळूं लागते, कोठें भय खरें आहे, कोठें तें केवळ संवयीचें आहे, आणि कोठें अहंकारानें धैर्याचा वेष घेतला आहे, हें त्याला ओळखतां येतें. म्हणून सरावानंतर हात धुवावेत, निजण्यापूर्वीं त्यांना तेल लावावें, आणि तें लावतांना दोन मिनिटें त्यांच्याकडे शांतपणें पाहावें. मल्लखांबाच्या शिक्षणांत हीं दोन मिनिटें उडीइतकींच महत्त्वाचीं आहेत.